गाभण घोडीच्या अंडाशयावर सहा गाठी दिसल्या, याचा अर्थ काय?

भीमाकाठचा (१५ मे)

नमस्कार मंडळी. आमचं गाव इंदापूर तालुक्यात. माझ्याकडे एकच घोडी आहे, रेवा. काठियावाडी, रंगाने कुमैत, चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याण. तीन वर्षांपूर्वी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. वडिलांच्या वेळी पागा होती, ती मोडली. आता तिच्या पोटी एक शिंगरू व्हावं एवढी इच्छा आहे.

९ मार्चला घोडी लावली. ११ तारखेला आमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून बीज सुटल्याचं सांगितलं. २५ मार्चला गर्भाचा गोल काळा ठिपका दिसला, ८ एप्रिलला ठोके दिसले. घरी पेढे वाटून झाले.

परवा, १३ मेला, तिने दोन वेळची चंदी तशीच ठेवली. आमचे डॉक्टर बाहेरगावी होते म्हणून जनावरं बघणाऱ्या दुसऱ्या एकांना बोलावलं. त्यांचं सगळं काम गाई-म्हशींचं. त्यांनी हात घालून मशीन लावलं आणि म्हणाले, "उजव्या अंडाशयावर चार, डाव्यावर दोन गाठी आहेत. शिवाय एक बीज चांगलं पस्तीस मिलिमीटरचं आहे. गर्भ काही सापडत नाही. घोडी रिकामी गेली, हे सिस्ट आहेत. पीजीचं इंजेक्शन देऊ, आठवड्यात माजावर येईल." सुई भरून तयार होती. मी म्हटलं, एक दिवस थांबा.

रात्रभर झोप नाही. काल सकाळी आमचे डॉक्टर आले. त्यांनी प्रोब जरा पुढे आणि खाली वळवला तर शिंगरू आत हालत होतं, ठोके स्पष्ट. गाठींबद्दल म्हणाले, "असायलाच पाहिजेत, उलट चांगलं आहे," आणि पुढच्या कॉलला निघून गेले. आज घोडी नीट खातेय.

पण माझ्या डोक्यातून जात नाही. पोटात गर्भ असताना अंडाशयावर नवीन बीजं कशी तयार होतात? गाठी नेमक्या कसल्या? आणि ती सुई दिली असती तर काय झालं असतं?

पागा_वाई (१५ मे)

भाऊ, थांबवलंत ते देवाने सुचवलं. बाकीचं खूरवैद्य मॅडम सांगतील, घोड्यांचं त्यांना बारीक माहीत आहे. त्यांची वाट बघा.

खूरवैद्य (१५ मे, रात्री)

दादा, आधी एक श्वास घ्या. रेवाच्या अंडाशयांचं काम अगदी वेळेवर चाललंय. बीज सुटलं ११ मार्चला, म्हणजे १३ मेला तिचा ६३वा दिवस. त्या दिवशी गाठी दिसल्या नसत्या तर मला जास्त काळजी वाटली असती.

तुमच्याकडे आले ते गृहस्थ का चुकले ते मला कळतं, कारण मीही पहिली सहा वर्षं गाई-म्हशीच केल्या. गाईला बीज सुटलं की त्या जागी एक सीएल तयार होतो, पुस्तकात त्याला पीतपिंड म्हणतात. तो अंडाशयाबाहेर डोकावतो, टोपीसारखा बोटाला लागतो. गाभण गाईत तो एकटा बहुतेक शेवटपर्यंत प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, पुरवतो आणि त्या काळात अंडाशय तसा शांत असतो. म्हणून गाईचा हात असलेल्याला भरलेला अंडाशय दिसला की मनात पहिला विचार "रिकामी आहे" हाच येतो.

घोडीत अंडाशयाची रचनाच उलटी. बीजं धरणारा थर आतल्या बाजूला असतो आणि बीज एकाच खाचेतून बाहेर पडतं. हाताला घेवड्याच्या दाण्यासारखा आकार लागतो, मध्ये ती खाच. सीएल आतच राहतो, बोटाला कळत नाही. मशीनशिवाय त्याबद्दल बोलणंच चुकीचं.

आता तुमचा पहिला प्रश्न. बीज सुटल्यावर पहिला सीएल बनतो आणि प्रोजेस्टेरॉन सुरू होतं. घोडी फळली नसेल तर चौदाव्या-पंधराव्या दिवसाच्या आसपास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन (सुईतलं पीजी ते हेच) सोडतं, सीएल मोडतो, घोडी परत माजावर येते. फळली असेल तर गर्भाने गर्भाशयाला वेळेत कळवायला हवं, "मी आहे, सीएल मोडू नकोस." घोडीचा गर्भ हे चालून फिरून सांगतो. सहाव्या दिवसाच्या सुमारास तो गर्भाशयात उतरतो आणि सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाशयाच्या दोन फांद्यांत, म्हणजे या शिंगातून त्या शिंगात, नुसता फिरत असतो. २५ मार्चला तुम्ही जो गोल ठिपका पाहिलात तो तेव्हा फिरतीवरच होता. अर्ध्या तासाने परत पाहिला असता तर कदाचित दुसरीकडे सापडला असता. माझ्या मते घोडीच्या गाभणपणातला हा सगळ्यात सुंदर भाग आहे. मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दोनदा प्रोब लावून दाखवते.

पण तो एक सीएल महिनाभराने थोडा थकतो, त्याचं प्रोजेस्टेरॉन उतरायला लागतं. तिथून पुढे जे घडतं ते फक्त घोड्याच्या जातकुळीत घडतं. गर्भाच्या आवरणावर एक पट्टा तयार होतो. छत्तिसाव्या ते अडतिसाव्या दिवसाच्या सुमारास त्या पट्ट्यातल्या पेशी सुटतात आणि आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात. तिथे त्या ठाण मांडून वाट्या बनवतात, आम्ही त्यांना एंडोमेट्रियल कप म्हणतो. पदव्युत्तर शिक्षणात एका मेलेल्या घोडीचं गर्भाशय मी टेबलावर उघडलं होतं, साधारण दोन महिन्यांची गाभण. अस्तर गुलाबी, मखमली, आणि त्यावर फिकट, मधोमध खोलगट अशा वाट्या ओळीने, घोड्याच्या नालेच्याच आकारात मांडलेल्या. काही बोटाच्या पेराएवढ्या, काही मोठ्या. त्यांच्यावर मधासारखा चिकट, पिवळसर द्रव होता. हातमोज्याला तार सुटत होती. त्या तारेत जो पदार्थ होता त्यानेच तुमच्या रेवाच्या अंडाशयावर सहा गाठी आणल्यात.

त्याचं जुनं नाव पीएमएसजी, नवं नाव ईसीजी. हृदयाच्या ईसीजीशी संबंध नाही. हा हार्मोन चाळिसाव्या दिवसाच्या आसपास घोडीच्या रक्तात दिसू लागतो, साधारण पंचावन्न ते सत्तर दिवसांत सर्वाधिक असतो, मग उतरत जातो. आईची मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी आपल्या परीने नवीन बीजं वाढवतच असते. ईसीजी घोडीत बीज फोडणाऱ्या हार्मोनसारखा वागतो, त्यामुळे ती बीजं एकतर फुटतात किंवा न फुटताच आतून पिवळी होतात. दोन्हींचे सीएलच होतात. फुटून झाले ते दुय्यम, न फुटता झाले ते सहायक म्हणायची पद्धत आहे, पण तुमच्यासाठी दोघांचं काम एकच, प्रोजेस्टेरॉन बनवणं. शिवाय पहिला थकलेला सीएलही परत जोम धरतो.

म्हणजे तुमच्या चार अधिक दोन गाठी हे प्रोजेस्टेरॉनचे सहा कारखाने आहेत आणि ते पस्तीस मिलिमीटरचं बीज सातव्याची तयारी. आईच्या अंडाशयाला काम लावतंय तिचं शिंगरू, स्वतःच्याच पेशी पुढे पाठवून.

आता सुईचं. प्रोस्टाग्लँडिन नेमकं सीएल मोडतं. वाट्या बनण्याआधी, म्हणजे पस्तीस दिवसांच्या आत, एका सुईने गर्भ जातो. चाळिशीनंतर सीएल बरेच असतात आणि मागून ईसीजीचा रेटा असतो, म्हणून एक सुई कधी पचतेही. पण "माजावर आली नाही" म्हणून दुसरी, तिसरी दिली की गर्भ जातो. आणि खरा घात त्यापुढे आहे. गर्भ गेला तरी वाट्या जात नाहीत! त्या आईच्या अस्तरात रुजलेल्या असतात, हार्मोन सोडत राहतात, अंडाशय त्यांचं ऐकत राहतो. घोडी पोटाने रिकामी आणि अंडाशयाने गाभण. धड माजावर येत नाही, आली तरी फळत नाही. वाट्या झडेपर्यंत दोन-तीन महिने जातात, तोवर हंगाम संपलेला असतो.

घोडीला "सिस्ट" म्हणून पीजी देण्याआधी संपूर्ण गर्भाशय, दोन्ही शिंगं आणि खाली उतरलेला भाग पाहिलाच पाहिजे. साठ दिवसांनंतर गर्भाशय पुढे पोटात उतरू लागतं, गाईच्या सवयीने जवळच शोधलं तर गर्भ हुकतो. हे मी कळकळीने लिहितेय, कारण अशी शिंगरं गेलेली मी पाहिली आहेत.

पागा_वाई (१६ मे)

मॅडम, तुमचं "पोटाने रिकामी आणि अंडाशयाने गाभण" वाचलं आणि मागचं वर्ष डोळ्यांपुढे आलं. आमची अबलख, बिजली. पंचेचाळीस दिवसांपर्यंत गर्भ ठीक होता, नंतर ताप आला, औषधपाणी केलं. दोन महिन्यांच्या तपासणीत पिशवी रिकामी. पण रक्त पाठवलं होतं त्याचा रिपोर्ट आला "गाभण". आम्ही रिपोर्टवर विश्वास ठेवला. अडीच महिने तिला ओला चारा, सातू, खनिज मिश्रण, सगळं गाभणीचं. आईने तर बिजलीची ओटी भरायचं ठरवलं होतं. शेवटी श्रावणात परत मशीन लावलं, काही नाही. मला आजवर वाटत होतं की लॅबने नमुने बदलले. म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता?

खूरवैद्य (१६ मे)

खोटा नव्हता. ती रक्ततपासणी ईसीजीची असणार. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानेही घोडीच्या गाभणपणासाठी ईसीजीवरची एलायझा तपासणी तयार केली आहे आणि योग्य वेळी ती फार उपयोगाची आहे, विशेषतः जिथे सोनोग्राफी पोचत नाही तिथे. पण ती तपासणी सांगते की वाट्या जिवंत आहेत. गर्भ जिवंत आहे हे ती सांगू शकत नाही. पंचेचाळीस दिवसांनंतर गर्भ गेला तर पुढचे कित्येक आठवडे ती "हो"च म्हणेल.

उलट बाजूही आहे. चाळीस दिवसांच्या आत किंवा पाच महिन्यांनंतर रक्त पाठवलं तर ईसीजी नसतो, चांगली गाभण घोडी "नाही" निघते. तेव्हा शंभर-एकशेवीस दिवसांनंतर रक्तात इस्ट्रोन सल्फेट, म्हणजे एक प्रकारचं इस्ट्रोजेन, बघावं. ते जिवंत गर्भाशिवाय एवढं वाढत नाही.

बिजलीचं वाईट वाटलं. आईंना सांगा, त्यांनी काही चुकीचं केलं नाही. त्या दिवसांत तिचं रक्त गाभणच बोलत होतं.

माणदेशी_शेळीपालक (१६ मे)

विषय घोड्यांचा, पण पीएमएसजी वाचून थांबलो. आम्ही शेळ्या एकत्र माजावर आणायला हार्मोनचा स्पंज ठेवतो आणि काढताना पीएमएसजीची सुई देतो, चारशे युनिट. तेच का हे? बाटलीवर घोडीचं चित्र का असतं ते आज कळलं. पण मग घोडीत बीज फोडतो आणि शेळीत बीज वाढवतो, हे कसं?

खूरवैद्य (१७ मे)

तेच. घोडीच्या शरीरात तो फक्त बीज फोडणाऱ्या हार्मोनची कुलुपं उघडतो. शेळी, मेंढी, गाय, उंदीर यांच्यात मात्र बीज वाढवणाऱ्या हार्मोनचीही कुलुपं त्याला उघडतात. शोधही तसाच लागला. १९३० साली कॅलिफोर्निया विद्यापीठात कोल आणि हार्ट यांनी गाभण घोड्यांचं रक्तद्रव वयात न आलेल्या उंदरिणींना टोचलं आणि त्यांचे अंडाशय फुगले. हा हार्मोन वाट्यांतून येतो हे १९४३ मध्ये कळलं, आणि त्या वाट्या आईच्या पेशींच्या नसून गर्भाच्या आहेत हे केंब्रिजमध्ये ॲलन आणि मूर यांनी १९७२ मध्ये दाखवलं. तोवर सगळे समजत होते की अस्तर आईचं म्हणजे हार्मोनही आईचा.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. ही सुई गाभण घोड्यांचं रक्त काढून बनते. दक्षिण अमेरिकेत आणि आइसलँडमध्ये त्यासाठी घोड्या पाळल्या जातात, आणि काही ठिकाणी त्यांना कसं वागवलं जातं याची जी दृश्यं बाहेर आली ती पाहून मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. त्यामुळे युरोपात यावर मोठा वाद चालू आहे. तुम्ही सुई देऊ नका असं मी म्हणत नाही. गरज नसेल तिथे देऊ नका. पावसाळ्याच्या तोंडाला पुष्कळ कळपांत बोकड वेगळा ठेवून मग एकदम सोडला तरी शेळ्या बऱ्यापैकी एकत्र माजावर येतात.

अनघा_ठाणे (१७ मे)

मी घोडा फक्त माथेरानला पाहिलाय. पण माझ्या आईला पाळी गेल्यावर डॉक्टरांनी काही वर्षं इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या गाभण घोडीच्या लघवीपासून बनतात असं तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं आणि आईने गोळ्या बंद केल्या. ते खरं होतं? तेही अंडाशयातूनच येतं का?

खूरवैद्य (१७ मे)

खरं आहे. प्रीमॅरिन हे नावच इंग्रजीतल्या "गाभण घोडीची लघवी" या शब्दांचे तुकडे जोडून बनलंय. अमेरिकेत ती गोळी १९४२ पासून आहे, लघवी गोळा करणारी बरीच शेतं कॅनडातल्या मॅनिटोबात होती.

अंडाशयाचा वाटा त्यात थोडाच. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास इस्ट्रोजेन जे पहिल्यांदा वाढतं ते अंडाशयातून, त्या सीएलमधूनच. म्हणूनच काही गाभण घोड्या त्या दिवसांत घोड्याकडे बघून माजाची लक्षणं दाखवतात आणि मालक गोंधळतो. पण ऐंशीव्या दिवसानंतर जो पूर येतो तो शिंगराचा. पोटातल्या शिंगराच्या जननग्रंथी, नर असो वा मादी, इतक्या वाढतात की सातव्या-आठव्या महिन्यात आईच्या अंडाशयांपेक्षा मोठ्या होतात. त्या कच्चा माल देतात, वार त्याचं इस्ट्रोजेन करते. इक्विलिन आणि इक्विलेनिन ही त्यातली दोन तर घोड्यांचीच खासियत. जन्माच्या आधी त्या ग्रंथी परत लहान होतात.

भीमाकाठचा (१८ मे)

मॅडम, तुमचं सगळं वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलंय, खेचर पोटात असेल तरी असंच होतं का? पूर्वी आमच्याकडे एका घोडीला गाढव लावलं होतं, जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारातून आणलेलं. दुसरं, हे सहा कारखाने शेवटपर्यंत चालणार का? आणि प्रोजेस्टेरॉनची सुई आतापासून चालू करावी का? एकाने दर आठवड्याला द्यायला सांगितलंय.

खूरवैद्य (१८ मे)

वडिलांना नमस्कार सांगा. खेचर असेल तर वाट्या लहान राहतात, लवकर झडतात आणि ईसीजी बराच कमी असतो. आईचं शरीर त्या पेशींना जास्त जोराने परकं मानतं. तरी पुष्कळ घोड्या खेचर नीट जन्माला घालतात.

त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. वाट्या गर्भाच्या, म्हणजे अर्ध्या बापाच्या. आईच्या पांढऱ्या पेशी पहिल्या दिवसापासून त्यांच्याभोवती जमतात आणि शंभर ते एकशेचाळीस दिवसांच्या दरम्यान त्या झडून पडतात. ईसीजी संपतो, सीएलना कुणी हलवत नाही, ते विरत जातात. सहा-साडेसहा महिन्यांत दोन्ही अंडाशय लहान, टणक आणि निवांत होतात. तोवर वारेने काम हाती घेतलेलं असतं. सत्तर दिवसांनंतर दोन्ही अंडाशय काढून टाकले तरी गर्भ टिकतो, हे प्रयोगांत दिसलंय. पन्नास दिवसांच्या आत काढले तर टिकत नाही. रेवा या क्षणी त्या पुलावर आहे, म्हणून १३ तारखेची ती सुई मला इतकी लागली.

वार जे बनवते ते नुसतं प्रोजेस्टेरॉन नसतं, त्याची भावंडं असतात, प्रेग्नेन म्हणतात. त्यामुळे सातव्या महिन्यात कुणी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजलं आणि "फार कमी आहे" म्हणून घाबरवलं तर घाबरू नका, त्या काळात ते कमीच असतं.

सुई सध्या नको. सहा सीएल आहेत, ठोके चांगले आहेत, घोडी खातेय. बाहेरून प्रोजेस्टेरॉन द्यायचं ते कारण असेल तर, आधी गर्भ गेलेला असेल, ताप किंवा विषबाधा झाली असेल तर. आणि साधं तेलातलं प्रोजेस्टेरॉन आठवड्याला एक दिल्याने काही साधत नाही, ते रोज लागतं. ते पैसे लसूणघासाला आणि जंताच्या औषधाला लावा. पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात गर्भपात करणाऱ्या हर्पिस विषाणूवरची लस मिळत असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा. सप्टेंबरात एकदा तपासून घ्या.

भीमाकाठचा (४ सप्टेंबर)

मंडळी, सांगितल्याप्रमाणे आज तपासणी झाली, १७७वा दिवस. मीही शेजारी उभा राहून स्क्रीन पाहिली. उजवा अंडाशय सापडला, लहानसा, एकच फिकट डाग, बाकी काही नाही. डावा डॉक्टरांच्या हाताला लागलाच नाही, गर्भाशयाबरोबर खाली ओढला गेलाय म्हणाले. मेमध्ये ज्या गाठींनी झोप उडवली त्या नाहीत हे बघून आज मी हसलो. डॉक्टरांनी हात बाहेर काढायच्या आधी आतून शिंगराने एक लाथ मारली, ती त्यांना कळली आणि त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हाला. वडिलांनी लगेच उंबऱ्यातून विचारलं, "हाय का?" मी म्हटलं, "हाय."

व्यायची तारीख फेब्रुवारीच्या मध्यावर धरली आहे. मॅडम, शेवटच्या महिन्यात सडाकडे कधीपासून लक्ष ठेवायचं ते सांगा.

खूरवैद्य (४ सप्टेंबर)

जानेवारीच्या मध्यापासून रोज संध्याकाळी, खरारा करताना. सडाच्या टोकाला मेणासारखा थेंब दिसला की रात्री पागेतच झोपा. आणि त्या लाथेबद्दल वडिलांना माझ्याकडून पेढा द्या.